पोहता येत नाही, गुडघे दुखतात, तरी पाण्यातले व्यायाम जमतात का? आणि एसीएलच्या (गुडघ्यातल्या लिगामेंटच्या) ऑपरेशननंतर पूलमध्ये कधी उतरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की आईचं वय ६३, वजन ८० किलो, दोन्ही गुडघ्यांची झीज, ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी सांगितलंय की जमिनीवरचे व्यायाम झेपत नसतील तर पाण्यात करा, पण त्यांना पोहता येत नाही आणि पाण्याची भीती वाटते. शिवाय तुमचं स्वतःचं एसीएलचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झालेत आणि मित्र म्हणतायत स्विमिंग सुरू कर, लवकर मोकळा होशील. आणि घरातले मोठे म्हणतायत की पूलबिल कशाला, गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडात आठ दिवस बसवा. तिन्हीची उत्तरं वेगळी आहेत, पण तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधी सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली बरीच वर्षं पेशंटबरोबर स्वतः पाण्यात उभी राहून काम करते. नुसतं पाण्यात उतरून सांधा बरा होत नाही. पाण्यात दुखणं कमी होतं, आणि त्या कमी दुखण्याच्या वेळात जे काम स्नायूंकडून करून घेता येतं त्याने फरक पडतो. ज्यांना जमिनीवर व्यवस्थित व्यायाम करता येतो त्यांना पूलची फारशी गरज नाही. ज्यांचं गाडं दुखण्यामुळे अडकलंय, म्हणजे चाललं की दुखतं म्हणून चालत नाही, चालत नाही म्हणून मांडीचे स्नायू बारीक होतात, स्नायू गेले की गुडघा आणखी दुखतो, त्यांच्यासाठी पाणी फार मोलाचं आहे कारण तिथून सुरुवात करता येते. तुमच्या आई या दुसऱ्या गटातल्या वाटतात.

आता हे होतं कसं ते बघा, कारण हे कळलं की कुठल्याही पूलमध्ये आपलं आपल्याला ठरवता येतं. पाणी आपल्याला खालून उचलून धरतं आणि किती उचलतं ते आपण किती खोल उभे आहोत त्यावर ठरतं. कमरेच्या हाडापर्यंत पाणी असेल तर पायांवर साधारण निम्मं वजन येतं, बायकांमध्ये निम्म्याहून थोडं कमीच. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत पाणी असेल तर पाव ते एक तृतीयांश, आणि मानेपर्यंत असेल तर जेमतेम आठ-दहा टक्के. म्हणजे तुमच्या आईंचे ८० किलो कमरेएवढ्या पाण्यात ३७-३८ किलो होतात, छातीएवढ्या पाण्यात २२-२३ आणि मानेपर्यंत गेल्या तर सहा-सात किलो. हे आकडे स्थिर उभं राहिल्यावरचे आहेत, भराभर चालायला लागलं की भार वाढतो, पण तरी जमिनीपेक्षा खूपच कमी. म्हणून आम्ही पेशंटला 'किती वेळ' विचारायच्या आधी 'किती पाण्यात' ते ठरवतो. पहिल्या आठवड्यात छातीपर्यंत, मग हळूहळू उथळ बाजूकडे सरकत कमरेपर्यंत, म्हणजे दर थोड्या दिवसांनी गुडघ्यावर थोडं थोडं वजन परत येतं. फ्रॅक्चरच्या पेशंटला डॉक्टर सांगतात ना की आता अर्धं वजन टाका, तर घरी वॉकर घेऊन अर्धं वजन म्हणजे नक्की किती हे कुणालाच कळत नाही, कुणी भीतीने पाय टेकवतच नाही तर कुणी सगळंच टाकून मोकळा होतो. पाण्यात ते खोलीवरून बरंचसं नेमकं करता येतं.

दुसरी गोष्ट पाण्याचा दाब. एक मीटर खोलीवर तो साधारण ७३ मिलिमीटर मर्क्युरी असतो, म्हणजे चार फूट पाण्यात उभं राहिलात की घोट्याभोवती ९० च्या आसपास दाब पडतो. सुजेसाठी जे घट्ट स्टॉकिंग्ज देतात त्यांचा दाब बहुतेक वेळा २०-३० असतो, आता तुलना करा. घोटा मुरगळलेल्या, ऑपरेशन झालेल्या, संध्याकाळी पाय सुजणाऱ्या माणसाची सूज अर्धा तास पाण्यात चालून आल्यावर उतरलेली दिसते ती यामुळे. पण हाच दाब पायातलं रक्त वर छातीकडे ढकलतो, मानेपर्यंत पाण्यात गेलात तर जवळजवळ ७०० मिली रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयाला एका मिनिटात जास्त रक्त ढकलावं लागतं, साधारण ३० टक्के जास्त. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही, हार्ट फेल्युअरच्या पेशंटला चांगलंच जाणवतं. म्हणून गुडघ्यासाठी आलात तरी मी आधी हृदयाचं, बीपीचं, श्वासाचं विचारते, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

तिसरी गोष्ट म्हणजे पाण्याचा विरोध, आणि इथे बहुतेकांचं चुकतं. हळू हात-पाय हलवलात तर पाणी अगदी मऊ, पण वेग दुप्पट केला की विरोध साधारण चौपट होतो, आणि तुम्ही थांबलात की तोही तिथेच थांबतो. डंबेल हातात असताना दुखलं तर ते खाली ठेवेपर्यंत दुखतंच, पाण्यात तसं नाही, दुखलं की थांबा, वजन गायब. दुखऱ्या सांध्यासाठी यापेक्षा सुरक्षित मशीन मी पाहिलेलं नाही. पण याची एक गोम आहे. खुर्चीवर बसून गुडघा सरळ करायचा तो व्यायाम सगळ्यांना माहितीये, मांडीच्या पुढच्या स्नायूसाठी. तोच पाण्यात पायरीवर बसून केला तर पाय आपोआप वर तरंगत येतो, म्हणजे काम पाणी करतंय, स्नायू नाही! आणि पाय खाली वाकवताना उलट मागच्या स्नायूला काम पडतं. पूलमध्ये कितीतरी काका-काकू पायरीवर बसून अर्धा अर्धा तास पाय वर-खाली करतात आणि म्हणतात मांडीचा व्यायाम झाला. छान वाटतं, सांधा मोकळा होतो, ते चुकीचं नाहीये, पण ज्या स्नायूवर गुडघ्याची भिस्त असते तो तसाच राहतो.

मग त्या स्नायूला काम कसं द्यायचं? भिंतीला पाठ टेकवून छातीएवढ्या पाण्यात उभं राहायचं, दोन्ही हातांनी कठडा धरायचा, फोमचा नूडल मिळतो ना रंगीत लांब, तो एका तळपायाच्या मधोमध घ्यायचा आणि गुडघा वर आलेला असताना तो नूडल हळूहळू खाली दाबत पाय सरळ करायचा. नूडल वर यायला बघतो, तुम्ही त्याला खाली नेता, मांडी आणि नितंब दोन्ही कामाला लागतात. मग खरी मेहनत परत येताना, नूडलला सुळकन वर येऊ द्यायचं नाही, तीन-चार सेकंद मोजत त्याला अडवत अडवत वर येऊ द्यायचं. दहा वेळा केलं की पाण्यातसुद्धा घाम फुटतो, कळत नाही इतकंच. हे परत येणं महत्त्वाचं अशासाठी की जिना उतरताना स्नायू नेमकं हेच काम करतो, लांबत लांबत भार पेलतो, आणि पाण्यातल्या बाकीच्या व्यायामांत हे काम फार कमी होतं. पूलमध्ये मस्त चालणारी बाई घरी जिना उतरताना कण्हते याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून पाण्याबरोबर जमिनीवरचे व्यायाम सुरू झालेच पाहिजेत, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, छोट्या पायरीवर चढ-उतार. पूल कायमचा मुक्काम नाही. जो फिजिओ सहा-सहा महिने तुम्हाला फक्त पाण्यातच ठेवतो त्याला जमिनीवर कधी आणणार हे स्पष्ट विचारा.

पाण्यातली ही थेरपी नुसतं फॅड आहे का, असंही विचारलंत. नाही. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रुझवेल्ट पोलिओने पाय गेल्यावर १९२४ साली जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जला गेले, तिथलं झऱ्याचं पाणी साधारण ३१ अंशांचं, त्यात त्यांना स्वतःच्या पायांवर उभं राहता यायचं, पुढे त्यांनी तिथे पोलिओच्या पेशंटसाठी केंद्रच उभं केलं. स्वित्झर्लंडच्या बाड रागाझची रिंग पद्धत, कॅलिफोर्नियातलं वॉत्सू, लंडनचं हॅलिविक, पाण्यातल्या उपचाराच्या या सगळ्या पद्धती, हे सगळं गेल्या शतकातलंच आहे आणि आजही शिकवलं जातं. पुराव्याचं म्हणाल तर कॉक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात गुडघा आणि खुब्याच्या झिजेवरचे १३ अभ्यास, मिळून बाराशेच्या आसपास माणसं एकत्र तपासली होती, निष्कर्ष असा की दुखणं आणि रोजची हालचाल यात थोडी सुधारणा होते आणि ती कोर्स संपल्यावर लगेच मोजली तेव्हा दिसली. थोडी. चमत्कार नाही. कुणी जाहिरातीत सांगत असेल की पाण्यातल्या थेरपीने झीज भरून येते तर ते खोटं आहे, कूर्चा (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) भरून येत नाही.

कंबरदुखीचा एक अभ्यास मात्र मी पेशंटना मुद्दाम सांगते. २०२२ मध्ये चीनमधला छापून आला, जुनी कंबरदुखी असलेली ११३ माणसं, निम्म्यांना तीन महिने आठवड्यातून दोनदा पाण्यातले व्यायाम, निम्म्यांना करंटचं मशीन आणि इन्फ्रारेडचा शेक. पाण्यातल्या गटाला जास्त आराम पडला आणि वर्षभरानंतरही फरक टिकून होता. आपल्याकडे फिजिओ म्हणजे झोपून मशीन लावून घेणं असा पक्का समज आहे, पेशंट स्वतःच म्हणतात मॅडम आज शेक नाही दिला का. मशीनच्या पैशात पूलचं महिन्याचं पास निघतं हो, आणि तिथे तुम्ही स्वतः काहीतरी करता. माझं हे मत ठाम आहे.

आता आईंची भीती. पोहता न येणं ही अजिबात अडचण नाही, माझ्या निम्म्याहून जास्त पेशंटना पोहता येत नाही आणि त्यांना मी पोहायला शिकवतही नाही. सगळं उभ्याने होतं, पाय जमिनीला टेकलेले. पण 'घाबरू नका' म्हणून भीती जात नसते, शरीराला दाखवावं लागतं. हॅलिविक पद्धत ज्यांनी बसवली ते जेम्स मॅकमिलन इंजिनियर होते, १९४९ च्या सुमारास लंडनमध्ये अपंग मुलींच्या शाळेत त्यांनी काम सुरू केलं, आणि त्यांच्या पद्धतीत सुरुवातच पाण्याशी मन जुळवण्यापासून आणि तोंडाने पाण्यात श्वास सोडण्यापासून आहे. मीही तिथूनच सुरू करते. पहिल्या दिवशी व्यायाम नाहीच. पायऱ्यांवरून उतरायचं, कठडा धरून कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, हनुवटी पाण्याजवळ आणून फुंकर मारायची. बायका बहुतेक वेळा श्वास धरून ठेवतात, खांदे कानाला लागलेले असतात, कठड्यावरची बोटं पांढरी पडलेली असतात. फुंकर मारली की श्वास आपोआप सुटतो आणि खांदे खाली येतात. मग मी समोर उभी राहते, माझे तळहात वर, त्यांचे माझ्यावर, आणि मी मागे मागे चालते, त्या पुढे. कठडा सुटलाय हे चार पावलांनंतर लक्षात येतं.

यानंतर एक गोष्ट मी प्रत्येकाला शिकवतेच, तोल जाऊन उताणं झालं तर परत उभं कसं राहायचं. हनुवटी छातीकडे, दोन्ही गुडघे पोटाशी, हात पुढे ताणायचे, की शरीर गोळा होऊन पाय आपोआप खाली येतात आणि जमिनीला लागतात. माझ्या हाताच्या आधाराने तीन-चारदा केलं की मनातून बुडायची भीती निम्मी उतरते. ज्या दिवशी तुमच्या आईंना हे जमेल त्या दिवसापासून त्या तुम्हाला पूलच्या काठावरून घरी पाठवतील बघा.

आता पूल कुठला. थेरपीसाठी पाणी ३३ ते ३५ अंश असावं, त्या तापमानाला स्नायू सैल पडतात. मोठ्या शहरांत काही हॉस्पिटलं आणि रिहॅब सेंटरमध्ये असे गरम पाण्याचे थेरपी पूल आहेत, मिळत असेल तर पहिले दोन-तीन आठवडे तिथे काढा. नाही तर महापालिकेचा किंवा क्लबचा पूल चालतो, फक्त तिथलं पाणी २६-२८ च्या आसपास किंवा त्याहून गार, आणि पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी पटीने भराभर ओढून घेतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पुणे-नाशिकला सकाळी सहाच्या बॅचला संधिवाताच्या माणसाला पाठवू नका, सगळं अंग आखडतं आणि फायद्यापेक्षा तोटा. दुपारची नाहीतर संध्याकाळची लेडीज बॅच बघा, आणि सुरुवात मार्च-एप्रिलमध्ये करा. पास काढायच्या आधी स्वतः जाऊन तीन गोष्टी बघा. उथळ भागाची खोली साडेतीन-चार फूट आहे का आणि तळ एकदम खोल होत जातो का. आत जायला रुंद पायऱ्या आणि कठडा आहे का, की नुसती उभी स्टीलची शिडी, कारण झिजलेल्या गुडघ्यांना ती शिडीच सगळ्यात मोठा त्रास आहे (शिडीच असेल तर उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी). आणि पाणी स्वच्छ आहे का, तळाच्या फरशीच्या रेघा स्पष्ट दिसल्या पाहिजेत, क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ यात असायला हवा, बहुतेक ठिकाणी बोर्डावर रोज लिहितात, लिहीत नसतील तर विचारायचा तुमचा हक्क आहे.

कपड्यांचं सांगते कारण बायका यामुळेच येत नाहीत. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ नायलॉनचा स्विमसूट मिळतो, तो घ्या. कॉटनचा ड्रेस किंवा गाऊन नको, पाणी पिऊन जड होतो, पायात येतो आणि पुष्कळ पूलवर चालतही नाही. आणि रबरी सोलचे पाण्यातले बूट घ्याच. या वयात पूलमध्ये पडून लागलेलं मी जवळजवळ पाहिलं नाही, काठावरच्या ओल्या फरशीवर घसरून मनगट मोडलेलं मात्र पाहिलंय.

व्यायामाचं वेळापत्रक तुमचा फिजिओ त्यांना तपासून देईल, मी अंदाज देते. आठवड्यातून दोन-तीनदा, सुरुवातीला १५-२० मिनिटं, मग ३०-४५ पर्यंत, एकूण आठ ते बारा आठवडे. पुढे चालणं, मागे चालणं, आडवं चालणं, मोठी पावलं टाकणं, यातच पहिला आठवडा जाऊ दे. मागे चालणं लोकांना उगाच वाटतं पण वाकडं झालेलं चालणं सुधारायला ते फार उपयोगी पडतं. मग कठडा धरून पाय बाजूला आणि मागे, अर्ध्या उठाबशा, नूडल दाबणं, पूलच्या खालच्या पायरीवर चढ-उतार. मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके बघून जोर ठरवू नका, पाण्यात ते जमिनीपेक्षा कमी दिसतात, त्यापेक्षा बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही इतका दम लागला की पुरे. आणि दुखण्याचा नियम असा की पाण्यात नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं. पाण्यात सगळंच गोड वाटतं. दुसऱ्या दिवशी उठल्यावर नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल किंवा गुडघा सुजला असेल तर पुढच्या वेळी वेळ निम्मी करा, बंद करू नका.

बाहेर येताना सावकाश. पाण्याचा दाब एकदम सुटतो, रक्त परत पायांकडे जातं आणि बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना गरगरतं. शेवटच्या पायरीवर दोन मिनिटं थांबायचं, मग कठडा धरून वर, मग खुर्चीत बसायचं आणि पाणी प्यायचं. आत जायच्या आधी लघवीला जाऊन या, पाण्यात लघवी जास्त तयार होते, बायका यासाठी आधी पाणीच पीत नाहीत आणि मग डोकं दुखतं. डायबेटिस असेल तर उपाशी जायचं नाही, पिशवीत साखर किंवा ग्लुकोज ठेवायचं, आणि घरी आल्यावर तळपाय, बोटांच्या बेचक्या नीट बघायच्या, पायाची जाणीव कमी असते त्यामुळे फरशीने सोललेलं कळत नाही.

कुणी अजिबात जायचं नाही तेही सांगते. ताप, उघडी जखम, चिघळलेला त्वचेचा आजार, लघवीचं इन्फेक्शन, कान वाहणं, जुलाब, ताबा नसलेला बीपी किंवा फिट्स, नुकताच आलेला हार्ट अटॅक, दम लागणारं हार्ट फेल्युअर, पायात नुकतीच झालेली रक्ताची गुठळी. यातलं काही असेल तर आधी फिजिशियनची लेखी परवानगी, मग पूल.

आता तुमचं एसीएल. पाच आठवडे झाले म्हणजे टाके निघाले असतील, पण मी तारीख नाही, जखम बघते. सगळीकडे बंद, कोरडी, खपली पडून गेलेली, कुठे ओल नाही, लाली नाही, तरच पाणी, आणि तेही सर्जनला विचारून. जखम पूर्ण भरली असेल तर आत्ता तुम्ही छातीएवढ्या पाण्यात चालू शकता, टाच आधी टेकवून, गुडघा पूर्ण सरळ करत, आरशात बघितल्यासारखं दोन्ही पायांनी सारखं. ऑपरेशननंतर लंगडायची सवय लागते ती मोडायला पाण्याइतकी चांगली जागा नाही. नूडलवर बसून सायकलसारखे पाय, कठडा धरून एका पायावर तोल, हेही चालेल. मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) पण शिवला असेल तर मात्र गोष्ट वेगळी, वजन आणि वाकवण्यावर सर्जनने घातलेली मर्यादा पाण्यातही तशीच लागू.

पण 'स्विमिंग कर' हा सल्ला आत्ता ऐकू नका. ब्रेस्टस्ट्रोकची बेडूकलाथ गुडघ्याला बाजूने पीळ देते, ती पुढचे कित्येक महिने बंद. फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) बंद. फ्रीस्टाइलचे पाय साधारण दोन-अडीच महिन्यांनंतर आणि तेही विचारून, तोवर पोहायचंच असेल तर पायांच्या मध्ये पुल-बॉय (तरंगणारा फोमचा ठोकळा) धरून फक्त हातांनी. भिंतीला पाय मारून वळणं नको. आणि ओल्या काठावरून चालताना सगळ्यात जास्त जपा, नवीन लिगामेंट साधारण सहा ते बारा आठवड्यांच्या काळात सगळ्यात नाजूक असतं, नेमकं तेव्हाच दुखणं गेलेलं असतं आणि पोरांना वाटतं झालं आता. पाण्यात तर वाटतं उड्या मारू शकतो. वाटणं आणि लिगामेंट पक्कं होणं यात काही महिन्यांचं अंतर आहे. तिसऱ्या महिन्याच्या आसपास फ्लोटिंग बेल्ट लावून खोल पाण्यात धावता येईल, पाय तळाला न टेकवता, दम टिकवायला उत्तम. उड्या आणि लँडिंगही आधी छातीएवढ्या पाण्यात आणि मग जमिनीवर. फुटबॉलला परत जाणं मात्र ९ महिन्यांच्या आत नको, आणि तेव्हाही दोन्ही पायांची ताकद मोजून. ती ताकद जिममध्ये वजन उचलूनच येणार, पूल फक्त मदतीला.

राहता राहिलं कुंड. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, तिकडे कोकणात उन्हवरे, तुरळ-राजवाडी, महाडजवळचं सव, खानदेशात उनपदेव, पिढ्यानपिढ्या लोक सांधेदुखीसाठी जातात आणि त्यांना आराम पडतो, तो आराम खरा आहे, गरम पाण्याने स्नायू सैल होतात, चार दिवस घरचं काम सुटतं, झोप लागते. पण बसून राहिल्याने स्नायूत ताकद येत नाही, म्हणून घरी आल्यावर दहा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. व्यायामासाठी ते पाणी फार गरम असतं, त्यात हालचाल केली तर बीपी पडतं आणि भोवळ येते, शिवाय कडेला शेवाळ. भाजून घेणारेही आहेत, विशेषतः डायबेटिसवाले, त्यांनी पाय घालायच्या आधी दुसऱ्या कुणाला तरी पाणी बघायला सांगावं. आईंची इच्छा असेल तर जरूर घेऊन जा, पूलच्या ऐवजी नको, पूल चालू असताना एखाद्या रविवारी. दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू देऊ नका, तुम्ही हात धरून शेजारी थांबा, तुमचा स्वतःचा पाय शेवाळ्यावर ठेवू नका, आणि बाहेर आल्यावर त्यांना पाणी पाजून अर्धा तास सावलीत बसवा, मग गाडी काढा.